उशिरा पडणारं बोट

आमचे हे घरी आले की आधी खुर्चीत बसतात आणि मग बूट काढायचे विसरतात. गेले चौदा महिने रोज हेच. मी म्हणते, "अहो, बूट." हे म्हणतात, "हो." आणि तसेच बसून राहतात. पूर्वी मी चिडायचे. आता मीच खाली बसून नाड्या सोडते आणि सोडता सोडता चिडते. तेवढाच वेळ वाचतो.

हे सत्तावन्न वर्षांचे आहेत आणि संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. सहा टेबलांची कंपनी. यांची तिथली नोकरी जितक्या वर्षांची आहे, तितकं बाकीच्या पाचांपैकी तिघांचं वयसुद्धा नाही. ती मुलं यांना 'आजोबा' म्हणतात, म्हणजे पाठीमागे. यांना माहीत आहे. "म्हणू देत," म्हणतात, "निदान आदराने तरी काही म्हणतात." हा टोमणा मला होता, हे माझ्या लक्षात आलं, पण उत्तर द्यायचं ठरवेपर्यंत यांना डुलकी लागली होती.

यांनी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली. लग्न सोडून, आणि तेही माझ्या वडलांनी ठरवलं होतं. ती गोष्ट म्हणजे ब्रेल टाइप करायचा प्रोग्रॅम. ब्रेलचं प्रत्येक अक्षर सहा टिंबांमधून तयार होतं. टाइप करणारा सहा बटणांवर सहा बोटं ठेवतो, त्या अक्षराला लागतील तेवढी एकदम दाबतो आणि एकदम उचलतो. झालं अक्षर. बोटं एकदम पडली पाहिजेत, यातच सगळी कला आहे.

हा प्रोग्रॅम यांनी लिहिला तो थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे माझ्या नणंदेसाठी. वन्संना लहानपणापासून दिसत नाही. हे वाक्य ऐकलं की लोकांचे चेहरे कनवाळू होतात. वन्संना भेटल्यावर ते दहा मिनिटांत सरळ होतात. त्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत स्वतःच्या हट्टाने एकट्या राहतात, आणि ब्रेलच्या छापखान्यात टायपिंग विभागाच्या प्रमुख आहेत. तिथल्या मुली त्यांच्या काठीचा आवाज जिन्यात आला की गप्पा बंद करतात. मीही करते.

बावीस वर्षांपूर्वी छापखान्यातली जुनी टायपिंगची यंत्रं मोडीत निघाली, तेव्हा यांनी हा प्रोग्रॅम करून दिला. त्यात बोलणारा आवाज हवा होता. 'ओळ संपली', 'नवीन पान', 'पुसलं' असं सगळं टायपिस्टला ऐकू यायला हवं. आवाजासाठी पैसे देऊन कोणी आणावं अशी ऐपत नव्हती, म्हणून तो माझा घेतला. खोलीत आवाज घुमतो म्हणून यांनी मला कपड्यांच्या कपाटात डोकं घालून उभं केलं, आणि मी दीड दिवस साड्यांना सांगत होते, "ओळ संपली, ओळ संपली." त्या आवाजात मी तीस वर्षांची आहे. तेव्हापासून वन्सं रोज आठ तास माझं मुकाट्याने ऐकतात. घरी आल्या की एक शब्द ऐकत नाहीत.

तर हा प्रोग्रॅम वीस-बावीस वर्षं धड चालला. मग छापखान्यातले संगणक मरायला लागले. नव्या संगणकांवर तो उघडेचना. व्यवस्थापक म्हणाले, आता सगळं ब्राउझरमध्ये आणा. मशीनवर काही बसवायची भानगडच नको. कुठलाही संगणक उघडला, पत्ता टाकला, काम सुरू. यांच्या मालकाने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "तीन महिन्यांत होईल." स्वतःच्या हाताने न करायच्या कामाला लोक नेहमी तीनच महिने का सांगतात, हे मला कळलेलं नाही.

मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण जेवताना रोज तेच ऐकलं की कानाला वळण लागतं. जुना प्रोग्रॅम स्वतःच्या घरात राहत होता. कुठलंही कपाट उघडावं, कुठेही खिळा ठोकावा, विचारणारं कोणी नाही. ब्राउझर म्हणजे खडूस घरमालकाची भाड्याची खोली. हे उघडायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, आवाज करायचा तर आधी विचारायचं. शिवाय हा घरमालक दर महिन्याला नियम बदलतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये वरच्या रांगेतलं पाचवं बटण दाबलं की आख्खी ओळ वाचून दाखवली जायची. ब्राउझरमध्ये तेच बटण दाबलं की पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं. पहिल्यांदा नेऊन दाखवलं त्या दिवशी वन्संनी सवयीने ते दाबलं आणि त्यांचं तासाभराचं काम नाहीसं झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "धाकट्या, तू माझ्यासाठी काम करतोस का माझ्यावर?" हे आठवडाभर त्या एका बटणाशी झटत होते.

त्या चौदा महिन्यांत यांच्या नाकी नऊ आले. डोळे लाल. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर टकटक वाजायची. जुन्या प्रोग्रॅमला काय काय येत होतं त्याची यांनी वहीत यादी केली होती, दोनशेच्या वर ओळी. जे नव्या जागेत जमलं त्यावर बरोबरची खूण, जे तिथे न्यायला परवानगीच नाही त्यावर लाल रेघ. मी म्हणायचे, सोडा हे, कंपनीतल्या पोरांना करू द्या. हे म्हणायचे, "त्यांनी ताईला टाइप करताना पाहिलेलं नाही." मला या माणसाचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी जोरात ठेवायचे.

शेवटी गुरुवारी चाचणी ठरली. व्यवस्थापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं: प्रत्येक टायपिस्टने नव्या पद्धतीवर एक पान टाइप करायचं. ज्यांचं पान स्वच्छ येईल त्या टायपिंगला राहतील. ज्यांचं येणार नाही त्यांना खालच्या मजल्यावर, पुस्तकांचे गठ्ठे बांधायला. माणूस वाईट नाही, पण वरून त्यालाही कोणीतरी सांगितलेलं होतं. वन्संच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्या म्हणाल्या, "मी सुतळीला गाठी मारायला जन्मले नाही." हसत म्हणाल्या. चाचणीत त्यांना धोका असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. अकरा वर्षांत त्यांच्या पानात चूक सापडलेली नव्हती.

त्या दिवशी मीही गेले होते. दोन-चार नवे शब्द माझ्या आवाजात भरायचे होते. टायपिंगची खोली लांबट, भिंतीला लागून चार टेबलं, दिवा एकच, तोही आमच्यासारख्या डोळसांसाठी लावलेला. आधी नवी टायपिस्ट बसली, बावीस-तेवीसची असेल. बोटं अशी पळाली की मला नुसती खळखळ ऐकू आली. पान छापून आलं, तपासणाऱ्या बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "स्वच्छ." मग वन्सं बसल्या. पाठ ताठ, हनुवटी वर. टाइप करताना मध्येच एकदा थांबल्या, कपाळाला आठी पडली, पुन्हा सुरू झाल्या.

पान आलं. बाईंनी बोट फिरवलं, थांबल्या, पुन्हा मागे आल्या. "यात... 'मन' हवं तिथं 'चद' आहे. आणि मध्ये सुटी टिंबं पडलीत." पुढे वाचलं. 'ल' असायचा तिथं 'ब'. 'र' असायचा तिथं 'ह'. एका पानात एकतीस चुका.

"मशीन बाद आहे," वन्सं म्हणाल्या.

व्यवस्थापक चाचरत म्हणाले, "पण ताई, आत्ताच तिचं पान याच मशीनवर..."

"धाकट्या! काय करून ठेवलंयस हे? चौदा महिने झोपा काढत होतास?"

यांनी ते पान घेतलं आणि खिडकीशी जाऊन तिरकं धरलं, म्हणजे टिंबांच्या सावल्या पडतात. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. तेहेतीस वर्षांच्या संसारात मी हा माणूस घाबरलेला फार वेळा पाहिला नाही. तसा तेव्हा पाहिला. हे वळून म्हणाले, "माझी चूक आहे. सोमवारपर्यंत वेळ द्या."

"ऐकलंत?" वन्सं व्यवस्थापकांना म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले होते. तीन थांबे गेल्यावर आपणहून बोलायला लागले. अकरा वर्षांपूर्वी वन्संच्या पानांत अशीच सुटी टिंबं पडायला लागली होती. त्या कीबोर्डला दोष द्यायच्या. तीन कीबोर्ड बदलून झाले. यांनी एक दिवस शांतपणे बघितलं तर चूक नेहमी एकाच टिंबाची, तिसऱ्या. म्हणजे एकाच बोटाची, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या. ते बोट बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा पडत होतं. बाकीची बोटं उचलली गेली की अक्षर पुरं व्हायचं, आणि मागून हे एकटं टिंब येऊन पडायचं. यांनी वन्संच्या मशीनवर एक छोटी फाईल ठेवली. त्यात एकच आकडा. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले चाळीस. बोटं उचलल्यावर प्रोग्रॅमने तेवढं थांबायचं, मागून एखादं टिंब आलं तर त्याच अक्षरात घ्यायचं.

"वन्संना सांगितलंत?"

"नाही. 'हा चौथा कीबोर्ड चांगला निघाला' म्हणाली. मी हो म्हणालो."

पुढे चाळीसचे सत्तर केले. मग एकशे दहा. चार वर्षांपूर्वी एकशे साठ. दर वेळी वार्षिक देखभालीला म्हणून जायचं, मशीनवरची धूळ पुसायची आणि आकडा वाढवून यायचं. कुठे नोंद नाही, कोणाला पत्ता नाही. इतकं लपवलं की स्वतःच विसरले. ब्राउझर बाहेरच्या कोणाला मशीनवरच्या फायली उघडू देत नाही. यादीत 'मशीनवरची सेटिंगची फाईल वाचणे' अशी ओळ होती, तिच्यावर यांनी आपल्याच हाताने लाल रेघ मारली होती.

"मग घाला ना परत गुपचूप!" मी म्हणाले. बसमधल्या दोघांनी वळून पाहिलं.

"सगळ्यांना एकच प्रोग्रॅम आहे आता. सगळ्यांसाठी थांबवला तर त्या पोरींची बोटं इतकी भराभर पडतात की दोन अक्षरं एकमेकांत मिसळतील. प्रत्येकीची वेगळी वेळ ठेवायची तर सेटिंगच्या पानावर आणावी लागेल. ते पान बोलतं. प्रत्येक ओळ वाचून दाखवतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आवाजात."

शुक्रवारी दिवसभर आणि शनिवारी सकाळी बसून यांनी ते पान तयार केलं. शनिवारी दुपारी मला म्हणाले, एक वाक्य म्हणायचंय. कागदावर लिहिलं होतं: 'बोटांसाठी थांबण्याची वेळ.' मी पुन्हा कपाटात डोकं घातलं. बावन्नाव्या वर्षी वाकलं की कंबर बोलते. साड्यांचा तोच वास. तोंड उघडलं आणि माझ्याच्याने ते वाक्य म्हणवेना. नणंद-भावजयीचं आमचं कधी फार गूळपीठ नव्हतं. पण म्हणून त्यांचं म्हातारपण मी त्यांच्या कानात असं सांगायचं? कामाच्या जागी, चार मुलींच्या देखत?

मी बाहेर येऊन म्हणाले, "हे मी सांगणार नाही. अकरा वर्षं मूग गिळून बसलात, आणि आता बायकोच्या आडून बोलताय? आधी तुम्ही जाऊन आपल्या तोंडाने सांगा."

हे म्हणाले, "थकलोय गं."

"मग थकलेले जा."

रविवारी सकाळी आम्ही दोघं वन्संकडे गेलो. खोलीत पलंग, एक टेबल, पुस्तकांची जाडजूड बाडं. वस्तू इतक्या जागच्या जागी, की मी पिशवी ठेवायलाही घाबरते. हे पलंगाच्या कडेवर बसले आणि सांगायला लागले. सगळं सांगितलं. कीबोर्ड, फाईल, चारही आकडे. वन्सं मांडीवर डावा हात उताणा ठेवून बसल्या होत्या. उजव्या हाताने त्या ते एक बोट चाचपत होत्या.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे मी पन्नाशीचीही नव्हते तेव्हापासून."

"ताई, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचं ते मला वाटू द्यायचं होतंस." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर केलं.

"मी अकरा वर्षं त्या मुलींना ओरडतेय," वन्सं म्हणाल्या. "बोटं एकदम पडत नाहीत म्हणून. माझं पान बघा म्हणायचे. माझ्या वयाकडे बघा आणि माझं पान बघा. एक पोरगी होती, सहा वर्षांपूर्वी. शिकाऊ. तिचं असंच व्हायचं, एक टिंब मागून. मी लिहून दिलं, हिचे हात जड आहेत, हे काम हिच्याच्याने होणार नाही. तिला काढलं. तिच्या मशीनवर तू फाईल ठेवली होतीस?"

"नाही," हे म्हणाले.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "ती तुझी बहीण नव्हती ना."

मी या माणसाची बायको आहे, याच्या चांगुलपणावर मी आयुष्य काढलंय. त्या चांगुलपणाने कोणाचं तरी वाटोळं केलं असेल असा विचार मला कधी शिवला नव्हता. आम्ही उठलो. दारात वन्संनी मला थांबवलं.

"तुला काय वाक्य दिलंय म्हणायला?"

मी सांगितलं. "बोटांसाठी थांबण्याची वेळ."

"आडपडदा कशाला? 'उशिरा पडणाऱ्या बोटासाठी थांबण्याची वेळ' असं म्हण. आणि स्पष्ट म्हण. हल्ली पुटपुटतेस."

त्या दुपारी मी ते एका दमात म्हणाले.

सोमवारी वन्सं आपल्या टेबलाशी बसल्या आणि सेटिंगचं पान उघडलं. माझ्या बावन्न वर्षांच्या आवाजाने खोलीभर सांगितलं की उशिरा पडणाऱ्या बोटासाठी थांबण्याची वेळ शून्य आहे. यांनी हलकेच म्हटलं, "एकशे साठ." वन्संनी दोनशे केले. "अजून चार वर्षं काढायचीत," म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या. पूर्वीपेक्षा सावकाश, पण न थांबता. तपासणाऱ्या बाईंनी पानावरून दोनदा बोट फिरवलं. "स्वच्छ." व्यवस्थापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, यांचा हात हातात घेऊन हलवला, आणि आता शेवटचे कागद आजच मालकांकडे पाठवतो म्हणाले. चौदा महिन्यांचं काम संपलं. हे भिंतीला टेकून उभे होते. यांना आनंद झालेला दिसत नव्हता, नुसते दमलेले दिसत होते.

वन्सं खुर्चीवरून उठल्या नाहीत. त्यांनी नव्या टायपिस्टला हाक मारली. ती काढलेली मुलगी आणि ही एकाच शाळेतल्या, नंबर हिच्याकडे असणार. तो निघाला. वन्संनी फोन लावला, स्पीकरवर, कोणाची चोरी नाही अशा थाटात टेबलावर ठेवला, आणि स्वतःची ओळख सांगितली. पलीकडून एक घाईघाईचा, वर्गात उभं केल्यासारखा आवाज.

"बाई? बाई, मी सोडलेलं नाही. घरी रोज अर्धा तास सराव करते. टेबलावरच करते, नुसत्या बोटांनी. आता बरीचशी एकदम पडतात, बाई. एकदा बघाल का तुम्ही?"

हे भिंतीला टेकल्या टेकल्या खाली बसले, तिथेच, जमिनीवर.

वन्संनी फोनवर दोन्ही हात ठेवले. त्यांचा आवाज मी तेहेतीस वर्षांत असा ऐकला नव्हता.

"नको," त्या म्हणाल्या. "तू ये. माझी बघ."